चौदावी फेरी

पहाटेच्या एसटीने तालुक्याला उतरले,
हातात डबा, गळ्यात ओळखपत्र.
मोबाइल दारातच जमा करून घेतला.
सासर खाडीच्या अल्याड, दुसरा मतदारसंघ.
मोजायला पाठवलं पल्याड, माहेरी.
कागदावर मी इथली कोणी नाही,
म्हणूनच चालते.

खताचं गोडाऊन. टेबल नऊ.
युरियाचा वास नाकात बसतो आणि जात नाही.
जाळीपलीकडे पक्षांचे प्रतिनिधी,
दोरीवर वाळत घातलेल्या बांगड्यांसारखे
एकमेकांना चिकटून.
सील बघा, नंबर जुळवा, बटण दाबा.
यंत्राला कसली घाई नाही.

किटलीवर उभा आहे तो मागच्या खेपेला छत्रीवर होता.
ऐन पावसाळ्यात छत्री सोडली त्याने.
जाताना नेलं जेटीचं टेंडर, दोन पंचायती
आणि हार घालणारी सगळी माणसं.
छत्रीने मग जुन्या आमदाराचा भाचा दिला,
त्याला भरती-ओहोटी विचारली तर
मोबाइलमध्ये बघतो.
तिसरी शिवणयंत्रवाली, प्रमिला कुबल.
बर्फाचा कारखाना बंद पडला तेव्हा
सडलेल्या मासळीच्या दोन पाट्या घेऊन
तहसीलच्या पायरीवर बसली होती, सात दिवस.
वासानेच कामकाज बंद पडलं होतं.

चौदाव्या फेरीला माझ्यासमोर आलं
बूथ दोनशे सतरा.
लेबल वाचलं. परत वाचलं.
मराठी शाळा, खारवाडी, खोली पूर्वेकडची.
त्या खोलीत मी बाराखडी शिकले,
आणि त्याच खोलीत एकतीस वर्षं
बाबा बसतात छत्रीचे एजंट म्हणून,
डोळ्यांवर चष्मा, यादीवर पट्टी.

मतदान संपलं की घरी येऊन पाय धुण्याआधी सांगत,
"एकशे नव्वद आपले."
निकालात दोन-चार इकडेतिकडे.
ते दोन-चारही त्यांना नावानिशी माहीत असत:
बाळा सुतार, त्याचा मेव्हणा,
आणि एकदा भटजी, पण तो चुकून.

बटण दाबलं.
छत्री सत्याऐंशी.
किटली एक्क्याऐंशी.
शिवणयंत्र सेहेचाळीस.

छत्रीच्या खवळेने पेन झटकलं, जसं काही पेन चुकलं.
शिवणयंत्राची पोर, विशीतली,
पुढच्याच्या पाठीवर कागद ठेवून लिहीत होती,
ती थांबली. "परत दाखवा मॅडम."
परत दाखवलं. नियमात बसतं.
सेहेचाळीस.

मी मनातल्या मनात वाडी चढायला लागले.
तांडेलांची मोठी सून. तिची जाऊ.
कोळंबी सोलायला बसतात त्या पाचजणी.
रुकय्या वस्ता, तिच्या दोन मुली.
अंगणवाडीची सुहासिनी…
चोवीसपर्यंत आले आणि आमचं खळं लागलं.
पुढे मोजलं नाही.
मोजणं माझं काम होतं, हे नव्हे.

संध्याकाळी जागा किटलीकडे गेली, नऊशे बाराने.
प्रमिलेची अनामत जप्त.
बाहेर गुलालाचा टेम्पो,
त्यावर नाचणाऱ्यांत निम्मे तरी
मागच्या वेळी याच रस्त्यावर
छत्री उघडून नाचले होते.
भिजायचं कोणालाच नसतं.

मोबाइल परत मिळाला. अकरा मिस्ड कॉल, सगळे बाबांचे.
"आपल्या बूथाचा काय झाला?"
आकडे सांगितले. ते तोवर सगळ्यांना माहीत होते.
बराच वेळ नुसता श्वास.
मागे खवणीवर नारळ,
खर्र, खर्र, एका लयीत,
आई रात्रीच्या आमटीची तयारी करत असणार.

"छत्री पडली ता जाऊदे," बाबा म्हणाले.
"किटलीचे ते माका ठावक आसत.
पण ही शेचाळीस?
आमच्या वाडीत भायरची एवढी माणसां
कधी इली गो?"

खवणी थांबली.
मी म्हटलं, बाबा, शेवटची तर सुटेल, ठेवते.
ठेवता ठेवता ऐकलं,
ती परत सुरू झाली होती.